कपाटात सापडलेलं चावीचं घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईवडिलांचं घर आवरताना, लॉकर उघडताना, नाहीतर शिवणाच्या मशीनच्या खणात बटणांखाली चावीचं जुनं घड्याळ सापडतं आणि लोक मला फोटो पाठवतात. फोटोतलं घड्याळ बहुतेक वेळा एचएमटीचं असतं. अधूनमधून फेवर-ल्युबा, वेस्ट एंड, कॅमी, सायको, सिटिझन येतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घड्याळ आत्ताच हाती लागलंय. चावी देऊन बघू का?

थांबा. हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे, पण थांबा. घड्याळाच्या मशीनमध्ये टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच तेल असतं आणि पंधरा-वीस वर्षांत ते सुकून चिकट होतं. पूर्ण चावी दिलीत तर घड्याळ कदाचित चालेलही, आणि खरा धोका तिथेच आहे. सुक्या तेलावर फिरणाऱ्या चाकांचे आस झिजत राहतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

माझ्या वडिलांचं एचएमटीचं ‘जनता’ गोदरेजच्या कपाटात वीसेक वर्षं पडून होतं. सापडलं त्याच संध्याकाळी मी चावी दिली, ते लगेच चालू झालं, आणि पुढचे आठ महिने मी ते रोज हातात घातलं. मग एक दिवस बंद पडलं. घड्याळजींनी भिंगाखाली दाखवलं तेव्हा एका चाकाचा आस एका बाजूने खाल्ला गेला होता. आधी सर्व्हिसिंग केलं असतं तर ते चाक आज वडिलांच्या वेळचंच राहिलं असतं. ती आठ महिन्यांची हौस मला अजून टोचते.

जीव आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर चावी तीन-चार वेढे द्या, कानाला लावा, टिकटिक ऐका आणि घड्याळ आपोआप थांबू द्या. वेढे देताना चावी अडली तर जोर करू नका. मग प्रश्न ५ आणि ६.

२. हे चावीचंच आहे की सेलचं, कसं ओळखायचं?

डायलवर किंवा मागच्या झाकणावर ‘क्वार्ट्झ’ लिहिलं असेल तर सेलचं. काही लिहिलेलं नसेल तर चावी (बाजूचं बोंड) न ओढता हलकेच पुढे फिरवा. बारीक करकर आवाज आला आणि बोटाला किंचित ओढ जाणवली तर ते चावीचं. घड्याळ हलवल्यावर आत काहीतरी गोल फिरल्यासारखं वाटलं तर ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं), त्यासाठी प्रश्न १७. चालू घड्याळाचा सेकंदकाटा दर सेकंदाला एकच उडी मारत असेल तर जवळपास नक्की सेलचं.

सेलचं निघालं तर मेलेला सेल आजच्या आज काढून घ्या. तो आत फुटला की मशीन खातो.

३. बाबांचं एचएमटी आहे. किती जुनं असेल?

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, ही सरकारी कंपनी १९५३ची. घड्याळांचा कारखाना १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरात उभा राहिला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे श्रीनगर, तुमकूर, रानीबाग इथेही कारखाने झाले. केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६मध्ये घेतला. तुमचं घड्याळ या पन्नासेक वर्षांतलं आहे.

नेमकं साल सांगायला मॉडेलचं नाव पुरत नाही. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही घड्याळं वर्षानुवर्षं निघत राहिली. घरातला पुरावा जास्त कामाचा असतो : लग्नातला फोटो, दुकानाचं बिल, मागच्या झाकणावर कोरलेली तारीख. वडिलांचा नोकरीतला पहिला फोटो काढा आणि मनगट बघा. अशा तऱ्हेने साल लागलेली तीन घड्याळं मी पाहिली आहेत.

४. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलंय. हे खरे माणिक असतात का? आणि एचएमटीचं ‘सोना’ म्हणजे सोन्याचं?

माणिक खरे, पण कारखान्यात बनवलेले. त्यांची बाजारात किंमत नगण्य. चाकांचे आस धातूवर न घासता गुळगुळीत कठीण खड्यात फिरावेत म्हणून ते बसवतात. साध्या चावीच्या घड्याळाला १७ खडे पुरेसे असतात. ‘पॅराशॉक’ हे सिटिझनच्या धक्कारोधक रचनेचं नाव आहे, धक्का बसला की बॅलन्स चक्राच्या (मागेपुढे डोलत वेळेचा ठेका धरणाऱ्या चाकाच्या) आसाचा खडा स्प्रिंगवर किंचित हलतो आणि आस वाचतो.

‘सोना’वर सोन्याचा मुलामा असतो. म्हणूनच त्याला पॉलिशवाल्याच्या हातात देऊ नका (प्रश्न १०).

५. सर्व्हिसिंगमध्ये नेमकं करतात काय? आमच्या इथे एक जण दहा मिनिटांत करून देतो.

दहा मिनिटांत होतं ते सर्व्हिसिंग नव्हे. झाकण उघडायचं, अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून काढायचं, वर तेलाचे दोन थेंब सोडायचे, की घड्याळ पळायला लागतं. पण सुकलेलं तेल खड्यांच्या आत तसंच राहतं, सुटलेली घाण दुसरीकडे जाऊन बसते आणि जादा तेल पसरत पसरत हेअरस्प्रिंगवर (बॅलन्स चक्राला डोलवणाऱ्या बारीक स्प्रिंगवर) चढतं. काही महिन्यांत घड्याळ परत दुकानात.

खरं काम असं चालतं. काटे आणि डायल उतरवतात. मेनस्प्रिंगचा (चावी दिल्यावर ताण साठवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण सोडतात. मग पूल (चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या), चाकं, पॅलेट (चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणारा भाग), बॅलन्स एकेक सुटं करतात. मी घड्याळजींच्या समोर स्टुलावर बसून हे पाहिलं आहे. त्यांनी माझ्या डोळ्याला भिंग लावून एक खडा दाखवला, तर त्याच्या भोवती तपकिरी कडं होतं, चहाच्या कपाखाली बशीत उमटतं तसं. ते सुकलेलं तेल. टोक काढलेल्या काडीने त्यांनी तो खडा साफ केला, काडीचं टोक काळं झालं की नवं तासायचं, परत फिरवायचं, काडी स्वच्छ निघेपर्यंत. सगळे भाग धुऊन वाळल्यावर जोडणी आणि ठरावीक जागी ठरावीक तेल. शेवटी चिमट्याने बॅलन्स जागेवर सोडला आणि त्याला हातही न लावता तो आपला आपण डोलायला लागला. तो क्षण एकदा तरी बघून घ्या.

या कामाला काही तास लागतात आणि मग घड्याळ तीन-चार दिवस निरखायला ठेवावं लागतं. आठवडाभर थांबायला सांगणारा माणूस बहुधा बरोबर सांगतो आहे.

६. चांगला घड्याळजी कसा शोधायचा? द्यायच्या आधी काय विचारू?

गावातला सगळ्यात जुना माणूस शोधा. सेल आणि पट्टे बदलून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, चावीचं मशीन खोलणारे थोडे उरले आहेत. पेठेतल्या जुन्या घड्याळाच्या दुकानात विचारलंत की ‘अमुक काकांकडे जा’ असं उत्तर मिळतं, आणि तेच काका हवे असतात.

तीन गोष्टी विचारा. मशीन पूर्ण सुटं करणार का? मेनस्प्रिंगचा डबा उघडणार का? बदललेले भाग परत देणार का? तिसऱ्या प्रश्नाला सरळ ‘हो’ आलं तर माझा विश्वास बसतो. झिजलेलं चाक, जुनी चावी, जुनी काच, सगळं पुडीत बांधून मागा.

देण्याआधी डायलचा, मागच्या झाकणाचा आणि जमलं तर उघडलेल्या मशीनचा फोटो घ्या. एका बाईंच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्त होऊन आलं तेव्हा डायल तीच होती, पण काटे दुसऱ्या घड्याळाचे होते. त्यांच्याकडे आधीचा फोटो नव्हता, त्यामुळे बोलायला जागाच राहिली नाही. शंका घेऊन जाऊ नका, पण फोटो घेऊनच जा.

घासाघीस मात्र करू नका. अर्ध्या दिवसाचं डोळे शिणवणारं काम नव्या पट्ट्याच्या भावात मागणं बरोबर नाही.

७. डायलवर डाग पडलेत. कापसाने हलकेच पुसू का?

नको. जुन्या डायलवरची अक्षरं वरून छापलेली असतात आणि त्यावरचं लॅकर (पारदर्शक लेप) वयाने सुटलेलं असतं. ओल्या कापसाच्या एका फेऱ्यात ‘एचएमटी’तला ‘टी’ निघून आलेला मी पाहिला आहे. कोरडा कापूसही सेकंदकाट्याला अडकतो. घड्याळजीसुद्धा फार तर फुंकणीने हवा मारून धूळ उडवतात आणि थांबतात. एवढंच करा.

८. मग डायल नवी रंगवून घेऊ? दुकानदार म्हणतो, एकदम शोरूममधून आल्यासारखी होईल.

माझं मत स्पष्ट आहे : रंगवू नका. रंगवताना आधीची छपाई खरवडून काढतात, ती परत येत नाही. नव्या छपाईत अक्षरांची जाडी बदलते, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत. काही एचएमटी घड्याळांवर नाव देवनागरीत आहे, आकडेही देवनागरी आहेत. त्या अक्षरांचं वळण आज कुणी तसंच्या तसं काढून देत नाही.

डायलवरचा पिवळटपणा म्हणजे वडिलांच्या मनगटावरची तीस-चाळीस वर्षं आहेत. अक्षर वाचता येतंय तोवर डायलला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं. डायल गंजून पापुद्रे सुटत असतील आणि ते कण मशीनमध्ये पडत असतील, तेव्हाच वेगळा विचार. तेव्हाही त्याच मॉडेलची जुनी मूळ डायल शोधून बसवा आणि वडिलांची डायल जपून ठेवा.

९. काचेवर ओरखडे आहेत. बदलावी लागेल?

बहुधा नाही. त्या काळच्या बऱ्याच घड्याळांची ‘काच’ खरं तर ॲक्रिलिकची असते आणि तिचे वरवरचे ओरखडे घासून जातात. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) मऊ कापडावर मुगाएवढी घ्या आणि तीन-चार मिनिटं हलक्या हाताने गोल गोल फिरवा. आधी केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) कडेला आणि चावीला चिकटपट्टी लावा, पेस्ट आत जाता कामा नये. मग कोरड्या मलमलीने पुसा. जुन्या धोतराचा तुकडा यासाठी फार उत्तम.

तडा गेला असेल तर मात्र बदलाच. तड्यातून दमट हवा आत जाते. काच स्वस्त असते आणि ती बदलल्याने घड्याळाचं जुनेपण जात नाही.

१०. केस काळवंडली आहे, कडेला हिरवट साचलंय. पॉलिश करून घेऊ?

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर नीट वाचा : स्टील फक्त झाकण आहे. वरची केस बहुतेक पितळेची असते आणि तिच्यावर क्रोमचा किंवा सोन्याचा पातळ थर असतो. पॉलिशच्या चाकावर धरली की थर उडतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. मुलामा पुन्हा चढवता येतो, पण कोपऱ्यांची धार गेलेली असते.

हिरवट थर म्हणजे घामातल्या क्षारांनी खाल्लेलं पितळ, त्यात मळ मिसळलेला. पट्टा काढा आणि कोरड्या लाकडी दातकोरणीने लगच्या (पट्टा अडकवायच्या टोकांच्या) खाचांमधून तो खरवडा. पाणी, साबण, चिंच, पितांबरी काहीही नको. ती तांब्याच्या कळशीची औषधं आहेत.

झाकणावर काही कोरलेलं असेल, ‘सेवानिवृत्तीनिमित्त’, ‘चि. अमुक यास मामाकडून’, तर त्या बाजूला कापडसुद्धा जपून लावा.

११. सर्व्हिसिंग झालं. आता रोज चावी किती आणि कधी द्यायची?

रोज एकदा, ठरलेल्या वेळी. सकाळी चांगली, कारण भरलेली स्प्रिंग दिवसभराचे हिसके नीट सोसते. घड्याळ हातातून काढून चावी द्या, मनगटावर असताना चावीच्या दांडीवर आडवा ताण येतो. साधारण वीस ते तीस वेढे बसतात, मग बोटाला भिंत लागल्यासारखं जाणवतं. तिथे थांबा. पूर्ण चावीवर घड्याळ साधारण दीड दिवस चालतं.

वेळ लावताना काटे पुढच्या दिशेने फिरवा.

१२. जास्त चावी दिल्याने घड्याळ बिघडतं ना? आजोबा तसंच सांगायचे.

आजोबांच्या काळात या बोलण्याला आधार होता. तेव्हाच्या पोलादी मेनस्प्रिंगा खरोखर तुटायच्या. पण ‘चावी पूर्ण भरली म्हणून घड्याळ अडकलं’ असं सहसा नसतं. पूर्ण भरूनही चालत नाही तेव्हा तेल सुकलेलं असतं किंवा कचरा अडकलेला असतो. उलट चावी कितीही फिरवली तरी भिंत लागतच नसेल तर चावीच्या घड्याळात स्प्रिंग तुटली किंवा सुटली असं समजावं. ती बदलता येते.

१३. रोज अर्धा मिनिट मागे पडतं. परत दुकानात नेऊ?

नका नेऊ. एचएमटीचं साधं चावीचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. दिवसाचे ४,३२,००० झाले. अर्ध्या मिनिटाची चूक म्हणजे दर दहा हजार ठोक्यांमागे साडेतीन ठोक्यांचा फरक. चाळीस वर्षांच्या यंत्राचं हे उत्तम काम आहे.

आधी आठवडाभर टिपून ठेवा : रोज सकाळी चावी देताना मोबाइलशी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते लिहा. मग रात्री ठेवण्याची पद्धत बदलून बघा. आडवं, डायल वर करून ठेवलेलं घड्याळ बहुधा जरा पुढे जातं, उभं ठेवलेलं मागे पडतं. योग्य बाजू सापडली की दिवसाची चूक रात्री भरून निघते. रोज दोन-तीन मिनिटांचा फरक असेल तर घड्याळजी आतली नियामक (वेग कमी-जास्त करणारी) पट्टी सरकवून देतात. ती स्वतः सरकवायला जाऊ नका, शेजारीच हेअरस्प्रिंग असते.

१४. ठीक चाललं होतं, अचानक तासाला काही मिनिटं पुढे जायला लागलं!

लोहचुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलची मागची बाजू, रात्री घड्याळ यांच्याजवळ असतं का पाहा. साधं होकायंत्र जवळ आणा. सुई ढळली किंवा थरथरली तर संशय पक्का. चुंबकत्व काढायचं यंत्र घड्याळजींकडे असतं आणि काम मिनिटाचं आहे. त्यानेही भागलं नाही तर स्प्रिंगवर तेल चढलं असेल (प्रश्न ५मधलं पेट्रोलचं स्नान आठवा) किंवा धक्क्याने ती एकात एक अडकली असेल.

१५. मागे ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलंय. पावसात चालेल? काचेत वाफ धरली तर?

तो शिक्का घड्याळ नवं असतानाचा आहे. आतलं रबर कधीच कडक होऊन भेगाळलंय. जुन्या घड्याळाला पाणी वर्ज्य : पाऊस, भांडी, अंघोळ, नदी, समुद्र. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मी वडिलांचं घड्याळ वापरतच नाही.

वाफ धरली तर त्याच दिवशी घड्याळजींकडे. उद्या नाही. पोलादी दांडी आणि चाकं गंजायला फार वेळ लागत नाही, आणि गंजाचे कण साऱ्या मशीनभर पसरतात. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, तांदळाची पूड चावीच्या भोकातून आत जाते. दुकान बंद असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सकाळी पोहोचा. हेअर ड्रायर लावू नका.

१६. मूळ पट्टा तुटलाय. कोणता घ्यावा?

दोन लगमधलं अंतर मोजा. ‘जनता’ आणि ‘पायलट’ला बहुतेक वेळा १८ मिलिमीटरचा बसतो, तरी मोजूनच घ्या. कोरड्या हवेत चामड्याचा सुंदर दिसतो, दमट हवेत त्याला बुरशी येते आणि घामाने केस खराब होते. मी नायलॉनचा एकसंध पट्टा वापरते. तो झाकणाखालून जातो, घाम केसपर्यंत कमी पोहोचतो, आणि एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. पिना मात्र नव्याच घाला, सुटलेल्या पिनेने हरवलेली घड्याळं परत येत नाहीत. वडिलांचा फाटका पट्टा टाकू नका, पाकिटात ठेवा.

१७. ऑटोमॅटिक आहे, तारीख-वारही आहे. काही वेगळं?

दोन गोष्टी. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख घाईने बदलू नका. त्या वेळी तारखेचं चाक मशीनच्या दातांत अडकलेलं असतं आणि जबरदस्तीने दात मोडतो. आधी काटे पुढे फिरवून सहाच्या आसपास आणा, मग तारीख.

दुसरं, जुन्या सायको ५ सारख्या कित्येक घड्याळांना चावीने भरण्याची सोयच नसते. बोंड फिरवून काही होत नाही म्हणून ते बिघडलंय असं धरू नका. आडवं धरून अर्धा मिनिट सावकाश गोल फिरवा, नंतर हातात घाला. खुळखुळ्यासारखं हलवू नका. सर्व्हिसिंगची गरज यालाही तेवढीच.

१८. स्कूटर चालवताना, क्रिकेट खेळताना घालू का?

क्रिकेटला नको, नारळ फोडतानाही नको. पॅराशॉक फक्त बॅलन्सचा आस वाचवतो, बाकी मशीन नाही. स्कूटर चालेल. टाळ्यांच्या कार्यक्रमातही चालेल, हे मला खरंच विचारलं गेलं आहे.

१९. घालणार नाही, फक्त जपायचंय. कसं ठेवू?

कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसह, सुती कापडात. मूळ डबी जपा, पण तिच्यातला जुना फोम काढून टाका, तो विरघळून केसला चिकटतो. कापूर आणि डांबरगोळ्यांपासून लांब. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं तर पुडी वर्षातून एकदा बदला.

सर्व्हिसिंग झालेल्या घड्याळाला महिन्यातून एकदा चावी द्यायला हरकत नाही. न झालेल्याला मुळीच देऊ नका (प्रश्न १). रोज वापरत असाल तर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग.

२०. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांच्या घड्याळावर बाणाची खूण आहे आणि आकडे तपकिरी झालेत. धोका आहे का?

बाणाची खूण ब्रिटिश लष्कराच्या मालमत्तेची. त्या काळी अंधारात दिसणाऱ्या आकड्यांना रेडियम लावत आणि ही पद्धत १९६०च्या दशकापर्यंत होती. आकडे आज चमकत नाहीत कारण चमकणारा पदार्थ थकला आहे. रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं.

काच शाबूत असेल तर पाहायला, हाताळायला भिण्याचं कारण नाही. पण झाकण किंवा काच उघडू नका, आकडे खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका, उशाशी ठेवू नका. त्याची भुकटी श्वासातून किंवा तोंडातून आत जाणं हा खरा धोका आहे. रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो, म्हणून हवा खेळती असेल तिथे ठेवा. दुरुस्तीला नेलंत तर घड्याळजींना आधी सांगा, ते त्यांच्या जिवाचं आहे. डायलच्या तळाशी ‘टी’ हे अक्षर असेल तर ट्रिशियम. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांचं, त्यामुळे जुन्या घड्याळात ते फारसं उरलेलं नसतं.

२१. ऑनलाइन लालभडक डायलचं फेवर-ल्युबा स्वस्तात मिळतंय. घेऊ?

मशीन खरं असू शकतं, डायल बहुधा नाही. जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल, तिसऱ्याच घड्याळाचे काटे आणि घासून चकाकवलेली केस अशी जोडघड्याळं मुंबईतून जगभर जातात, आणि परदेशातले संग्राहक त्यांना मुंबईच्याच नावाने ओळखतात. याचं मला वाईट वाटतं, कारण याच शहरात एक से एक कारागीर आहेत. पसरलेली छपाई, रेघांपर्यंत न पोहोचणारा मिनिटकाटा, पन्नास वर्षांच्या घड्याळावर एकही डाग नसणं, यावरून ओळखा. रंग आवडला म्हणून, किंमत समजून घेतलंत तर घ्या. ‘ओरिजिनल’च्या भावात घेऊ नका.

२२. मी अमेरिकेत असते. इथला घड्याळजी म्हणतो, एचएमटीचे भाग मिळत नाहीत.

भाग भारतात मिळतात. कारखाना बंद झाला तरी इतकी घड्याळं बनली की पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात बिघडलेली एचएमटी अजून दिसतात आणि घड्याळजी त्यांतून भाग काढतात. पुढच्या खेपेला घड्याळ हातात घालूनच या, कुरिअरने पाठवू नका. आल्याच्या पहिल्याच दिवशी दुकानात द्या, म्हणजे काम आणि निरीक्षण दोन्ही होईल. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी काही होत नाही.

२३. घड्याळजी म्हणाले, मशीन गेलं, दुसरं टाकू. मग ते बाबांचं राहील का?

आधी दुसऱ्या घड्याळजीला दाखवा. गंजाने पूर्ण खाल्लेलं नसेल तर नुसती चाकं बदलून बरंच वाचतं. तरीही उपाय नसेल तर त्याच प्रकारचं मशीन बसवा आणि बाबांचं मशीन मागून घ्या, छोट्या डबीत ठेवा. डायल, केस, काटे त्यांचेच राहतात. उद्या कुणाला त्या जुन्या मशीनचा एखादा भाग सापडला तर परत जोडायचा मार्ग मोकळा राहतो.

२४. बाबा गेले तेव्हापासून घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलंय. आई म्हणते, हात लावू नका. मला ते चालू करावंसं वाटतं.

हा प्रश्न वेगवेगळ्या घरांतून चार वेळा आला आहे. यातलं मला यंत्रापुरतंच ठामपणे सांगता येतं. चावीचं चांगलं घड्याळ शेवटच्या चावीनंतर साधारण दीड दिवस चालतं. म्हणजे चार-दहा ही बहुधा ते गेल्याची वेळ नसून त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेली शेवटची चावी जिथे संपली ती वेळ आहे. हे आईंना सांगून पाहा. एका घरी हे ऐकून त्या माउली म्हणाल्या, ‘मग त्यांच्यामागूनही चाललंच होतं की.’ आणि त्यांनीच ते दुरुस्तीला काढून दिलं. दुसऱ्या घरी ऐकूनही तसंच ठेवलं, तेही मला पटलं.

तसंच ठेवायचं असेल तर चावी ओढू नका, हलवू नका, सिलिका जेल ठेवा. थांबलेलं मशीन झिजत नाही, फक्त ओलावा त्याचा वैरी. चालू करायचं ठरलं तर घड्याळजींना काटे उतरवावेच लागतात, तेव्हा आधी चार-दहाचा फोटो काढा, डायल स्पष्ट दिसेल असा, खिडकीच्या उजेडात.